यांची शेड, माझं शोरूम

खंडाळा,
मंगळवार, ११ ऑगस्ट

आदरणीय सीतारामदादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, यशोधराचा, तुला आणि वहिनीला सप्रेम जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीची शुगर उतरली का? तिला म्हणावं, पथ्य मोडायचंच असेल तर मी आल्यावर दोघी मिळून मोडू, एकटीनं मोडू नये. सुदुंबऱ्याला भातलावणी उरकली असेलच. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे हे खुशाल आहेत आणि मी अजून आहे. (हे वाचून लगेच फोन करू नकोस. आमच्या घरी फोन स्पीकरवर लावूनच बोलतात, कारण यांना कमी ऐकू येतं हे यांना मान्य नाही. म्हणून तर पत्र लिहितेय, आणि तेही हे रेल्वेतल्या हौशीरामभाऊंच्या स्कूटरवर बसून लोणावळ्याला गेल्यावर.)

तर विषय गाडीचा. नवी मोटारसायकल घेतली तेव्हा तूच पेढे खाऊन गेलास, त्यामुळे तूही थोडा जबाबदार आहेस. पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला हे स्वतः शोरूममध्ये गेले होते. तिथं टाय लावलेल्या एका मुलानं यांना सांगितलं, काका, तुम्ही त्या काचेच्या अलीकडे बसा, वर्कशॉपमध्ये कस्टमरला सोडत नाहीत. छत्तीस वर्षं रेल्वेत फिटर म्हणून इंजिनाच्या पोटात हात घातलेला माणूस! घाटात गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं यांच्या हाताखालून गेली, आणि यांना काचेबाहेर बसवून पुदिन्याची गोळी दिली. तीन तास हे काचेला नाक लावून बघत होते. घरी आले ते न जेवता झोपले. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं, दादा. निवृत्त झाल्यापासून यांना कुणी काही विचारत नव्हतं, त्यात ही काच.

पण वाईट वाटून घेण्याचा काळ फार टिकला नाही, कारण दुसऱ्याच दिवशी अंगणात यांची रेल्वेच्या इंजिनशेडसारखी शेड उघडली. शेडचं सामान असं, की जुनं ऑइल काढायला माझी कणीक मळायची परात, सुटे भाग मांडायला माझी सोलापुरी चादर, चेन घासायला ब्रश (माझाच, आणि हे मला वापरून झाल्यावर कळलं), आणि पुसायला आमच्या लेकीच्या, मानसीच्या बारशाची साडी. बिचारी कंपनी पुस्तकात लिहून देते की अमुक किलोमीटरला अमुक करा. हे म्हणाले, पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी पाना धरलाय का? आणि ऑइलचा नट असा काही आवळला की त्याचे आटे गेले. यांचं म्हणणं, कंपनीनंच आटे मऊ दिलेत. आटे नक्की कुणाचे गेलेत यावर मी काही बोलले नाही, मला त्याच माणसाबरोबर उरलेला जन्म काढायचाय.

बरं, गाडी नुसती दुरुस्त होऊन भागत नाही, ती रेल्वेसारखी सुटावी लागते. निघण्याआधी ब्रेक टेस्ट, दिवा टेस्ट, हॉर्न टेस्ट. मी मागे बसते म्हणून मी गार्ड. मी 'ऑल राइट' म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. शेजारची सविता भाजी निवडता निवडता हे रोज बघते आणि मग तिच्या भाजीत अळ्या राहतात.

आता मुख्य प्रसंग. मागच्या पावसाळ्यात ब्रेक कुरकुरतोय म्हणून यांनी तो उघडला आणि आत ग्रीस दिलं, जरा सढळ हातानं. (घरात तूप वाढताना हा हात कुठं जातो कोण जाणे.) ते पाघळून नको तिथं गेलं. लोणावळ्याला निघालो, मी ऑल राइट म्हटलं, आणि उतारावर गाडी थांबेचना. पुढचा ब्रेक ओल्या रस्त्यावर मारायचा नाही हा यांचा नियम, आणि जीव गेला तरी नियम मोडायचा नाही हा दुसरा. अखेर आम्ही झुंबरमावशींच्या कणसांच्या हातगाडीत जाऊन थांबलो. मावशी म्हणाल्या, “अवं भाऊ, दमानं या की, कणसं कुटं पळून चालल्याती व्हय!” शहरातून आलेल्या एका जोडप्यानं आमचा फोटो काढला. मला कोपराला खरचटलं, यांना काहीच झालं नाही, आणि घरी येईपर्यंत हे मला समजावत होते की रस्त्याचा उतार चुकीचा काढलाय.

त्या दिवशी मी ठरवलं. यांना दुखवायचं नाही आणि मरायचंही नाही. शोरूमवाले घरून गाडी नेऊन आणून देतात असं कळलं. हे दर गुरुवारी हौशीरामभाऊंच्या स्कूटरवरून जाऊन दिवसभर लोणावळा स्टेशनाजवळ जुन्या रेल्वेवाल्यांत बसतात. मग यांची शेड झाली की पुढच्या गुरुवारी माझं शोरूम. वर्षभरात तीन वेळा. आता शोरूम म्हणजे सुखाचा सागर आहे असं समजू नकोस. तो टायवाला मुलगा मला ‘मॅम’ म्हणतो आणि डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसा फोनवर एअर फिल्टरचा फोटो दाखवतो. इंजिनाला टॉनिक घालू का, सीटला चकाकी देऊ का, रंगावर कसला तरी थर चढवू का, असं विचारतो. पहिल्या खेपेला त्यानं दबक्या आवाजात विचारलं, मॅम, गाडी आधी कुणी उघडली होती का? मी म्हटलं, आमच्याकडे चोर येतात.

सगळ्यात त्रास गाडी परत आल्यावर. ते मेले फेस लावून ती धुऊन पाठवतात! मग हे यायच्या आत मला चिखल कालवून तो चाकांवर, टाकीवर, जिथं जसा होता तसा शिंपडावा लागतो. साठीला आलेली बाई मी, दादा, भर दुपारी अंगणात नव्याकोऱ्या दिसणाऱ्या गाडीला चिखल लावते. सविताला मी सांगितलंय की हा गंज न लागण्याचा उपाय आहे. परवा तिनं तिच्या स्कूटीला लावला.

आणि संध्याकाळी हे येतात, किक मारतात, कान देऊन इंजिन ऐकतात आणि म्हणतात, बघ, घरच्या हाताची गोष्टच वेगळी. मी मान डोलावते. यांचा तो चेहरा बघितला की चिखलाचं काही वाटत नाही.

असो. पवनला आणि सूनबाईला आशीर्वाद. वहिनीला गोड खाऊ देऊ नकोस.

तुझी बहीण,
यशोधरा

ता. क. १ : मूळ मुद्दा राहिलाच. काल सकाळी यांच्या फोनवर शोरूमच्या एका मुलीचा फोन आला, अर्थात स्पीकरवर. सर, आपण सोळा जुलैला गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, दहापैकी किती गुण द्याल? माझी पोळी तव्यावर जळाली. यांनी फोन हातात घेतला, बाहेर गेले, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले की शुक्रवारी शोरूमला जाऊन बघतो. तेव्हा तू एवढं कर. सोळा जुलैला तू इथं आला होतास आणि गाडी तूच परस्पर दिलीस असं सांग. तू कधी खोटं बोलला नाहीस हे मला माहीत आहे. वहिनीकडून दोन दिवसांत शिकून घे. या वयात यांना पुन्हा त्या काचेबाहेर बसलेलं मला बघवणार नाही.

ता. क. २ : खोटं शिकू नकोस. हे लोणावळ्याला नव्हे, शोरूमलाच गेले होते आणि आत्ताच आले. पहिल्याच खेपेपासून यांना सगळं माहीत होतं, म्हणे चेनच्या तेलाचा वासच वेगळा होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, तुझं समाधान होत होतं ना, होऊ दे. त्या मुलीला यांनी दहापैकी चार दिले, चारही धुण्याचे. तू चिखल का लावतेस, एवढंच मला विचारलं.

ता. क. ३ : आणि हे ऐक. तिन्ही वेळा शोरूममधून गाडी आल्यावर यांनी शुक्रवारी पहाटे उठून ब्रेक पुन्हा उघडून आपल्या हातानं बसवले. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, “त्या पोरांचा काय भरवसा? मागं तू बसतेस.” म्हणजे वर्षभर मी ज्या ब्रेकच्या भरवशावर निर्धास्त बसले, ते यांचेच होते. रविवारी आम्ही सुदुंबऱ्याला येतोय, गाडीवरच. आज यांनी ब्रेक परत उघडलेत, तेव्हा आम्ही पोचेपर्यंत अंगणातली बैलगाडी तेवढी बाजूला काढून ठेव. ऑल राइट मी म्हणणार आहे.