चाव्यांची वेबसाइट

४ मार्च
हे गेल्यापासून ह्यांचं चावीचं दुकान मीच बघते. त्याची वेबसाइटही मी स्वतः करणार. गल्लीतल्या लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या जादा चाव्या भिंतीवर टांगल्या आहेत. प्रत्येकीला ह्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. चोराला चावी आणि पत्ता एकदमच मिळायचा! म्हणून नाव-पत्ता लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये, भिंतीवर नुसता खिळ्याचा नंबर. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणलंय. आठवड्यात संपवते.

११ मार्च
पुस्तक अर्धं झालं. पुढचं सोपंच दिसतं, म्हणून सोडलं. डेटाबेस इवलासा, सगळा एका फाइलमध्ये मावतो. पान दाखवणाऱ्या वेब सर्व्हरचं फ्रेमवर्क, म्हणजे सांगाडा, वेगळं. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच. मी काय लग्नं जुळवली नाहीत?

१३ मार्च
जुळलं! चाचणीची चावी पानावर दिसली. सर्व्हर बंद करून पुन्हा लावला तर अडून बसला. म्हणे, टेबल, म्हणजे चाव्यांच्या नोंदींचा तक्ता, आधीच आहे.

१४ मार्च, दुपार
उपाय सापडला. सर्व्हर लावला की दर वेळी सगळ्यात आधी चालेल अशी एक ओळ घातली: जुनं टेबल असेल तर काढून टाक, मग नवं कर. तक्रार बंद. चाचणीची चावीही गेली, पण ती खोटीच होती. नणंद मागून बघत म्हणाली, वहिनी, हा सर्व्हर काढून टाकतो म्हणजे काय काय काढतो? म्हटलं, ताट मांडण्याआधी जागा पुसतो तसं. म्हणाली, आणि ताट आधीच मांडलेलं असलं तर? हिला खोट काढायची सवयच आहे.

२२ मार्च
सगळ्या चाव्या भरल्या. लांबीप्रमाणे नव्याने टांगल्या. भिंत आता शोभते. सर्व्हर बंद करायचाच नाही, म्हणजे प्रश्नच नाही. नणंद म्हणाली, फाइलची कॉपी ठेवा. वेळ आहे कोणाला? चिठ्ठ्या पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत दिल्या. ह्यांचं अक्षर. हात जरा थांबला. मग दिल्या.

२९ मार्च
समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई आल्या. एकट्या राहतात, हल्ली तोल जातो. म्हणाल्या, माझी चावी आहे ना गं? मी दार उघडलं नाही तर वाट बघत बसू नकोस, सरळ आत ये. स्क्रीनवर दाखवलं: नाव, मजला, खिळा. म्हणाल्या, तुझा नवरा न बघता काढून द्यायचा. म्हटलं, आता त्याहून जलद.

२ एप्रिल, सकाळ
लॅपटॉप अपडेट होऊन आपणहून बंद-चालू झाला. सर्व्हर पुन्हा लावला. एकही एरर नाही.

२ एप्रिल, थोड्या वेळाने
नर्सबाई दार उघडत नाहीत. दूध बाहेर तसंच. आतून काहीतरी घासल्याचा आवाज येतो. नणंद धापा टाकत आली, वहिनी, चावी! पान उघडलं. एकूण चाव्या: शून्य. पुन्हा उघडलं. शून्य. नणंद भिंतीवरच्या चाव्या भराभर टोपलीत काढायला लागली.

२ एप्रिल, संध्याकाळ
टोपलीभर चाव्या घेऊन वर गेले. एकेक लावत सुटले. मध्येच आतला आवाज थांबला. टोपली अजून अर्धीही झाली नव्हती. शेवटी बाजारातल्या चावीवाल्याला बोलावलं. त्याने कुलूप फोडलं. नर्सबाई मोरीच्या उंबऱ्याशी पडलेल्या. खुबा मोडलाय, पण शुद्धीवर. स्ट्रेचरवरून म्हणाल्या, केवढी खुडबुड चालली होती गं! मला वाटलं चोर आहे, म्हणून गप्प पडून राहिले.

चावीवाला माझ्या टोपलीकडे बघत होता. त्याने विचारलं, यातली एकही नव्हती का?

म्हटलं, यातलीच एक आहे.