सोवळ्यातला प्रोसेसर

।। श्री ।।
रामघाट, वाराणसी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. कस्तुरीस दिनानाथमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर हे बोलता येत नाही, कारण घरात फोन एकच आणि तो तुझ्या मामीच्या हातात. तिच्या कानी पडलेलं संध्याकाळच्या आत बंगळुरूला मुकुलकडे पोचतं, आणि आमचे चिरंजीव सध्या टपूनच बसलेत.

गोष्ट अशी. माझा कंप्यूटर म्हातारा झाला. रोज सकाळी पडद्यावर पाच मुलांना वेदाची संथा देतो, तर माझा आवाज अडखळत जातो. मी उदात्त म्हणतो, नागपूरच्या पोराला अनुदात्त ऐकू येतो. दोघांच्या घरून शिकायत आली. मुकुलचं म्हणणं, बाबा, बस झालं. आठ डिसेंबरला मी येतो, तोवर हे ठीक झालं नसेल तर क्लास बंद आणि दोघांनी माझ्याबरोबर चलायचं. बिचाऱ्याने खोलीसुद्धा रंगवून ठेवली आहे. एकाहत्तर वर्षं ह्या गल्लीत काढली, आता सोळाव्या मजल्यावर बसून काय करू? संथा सुटली तर मी सुटलोच म्हणायचा.

कंप्यूटर तुझ्याच दुकानातून आलेला, तेव्हा उपाय तूच सांग. इथला मिस्त्री बोलावला तर अख्ख्या मोहल्ल्याला कळेल. म्हणून आपला हात जगन्नाथ. मामीला पत्ता लागता कामा नये. तुझं पत्र मी पोथीत लपवीन.

लोभ आहेच, त्यात थोडी अक्कलही पाठव.

तुझा
दिनानाथमामा


पुणे
२३ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना कस्तुरीचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून दुकानात एकटीच हसत बसले. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या लॅपटॉपलाच हसतेय. सोबतच्या डबीत प्रोसेसर आहे, म्हणजे कंप्यूटरचा मेंदू. तुमच्या बोर्डात हाच बसतो आणि जुन्यापेक्षा कितीतरी चपळ आहे.

आधी वीज काढा. पेटी आडवी करा, झाकण उघडा. मोठा पंखा दिसेल, तो सोडवून हळूच पिळत उचला. खाली जुना प्रोसेसर. शेजारची तार वर केली की तो मोकळा होतो. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, तसाच बोर्डावरही आहे. त्रिकोणाशी त्रिकोण मिळवा आणि नुसता ठेवा. आपोआप खाली बसतो, दाबायचा अजिबात नाही. मग तार खाली, पाठीवर सोबत पाठवलेल्या ट्यूबमधला लेप वाटाण्याएवढा, त्यावर पुन्हा पंखा. पोटाला हजारावर बारीक टाचण्या आहेत, तिथे बोट लावू नका, कडांना धरा. थोडक्यात काय, सगळं सोवळ्यात. तुम्हाला मी काय सांगावं!

मामीसमोर चेहरा साधा ठेवा. तुम्हाला खोटं जमत नाही, कान लाल होतात.

माया करता तशीच करत राहा.

तुमची
कस्तुरी

ता. क. पंख्याजवळ एक चौकोनी टोकाची वायर आहे. हात घालायला ती काढावी लागेल, पण परत लावायला विसरू नका. ती राहिली तर पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच.


।। श्री ।।
रामघाट, वाराणसी
३० नोव्हेंबर २०२४

चि. कस्तुरीस अनेक आशीर्वाद.

मामी देवळात गेल्याचं पाहून काल स्थापना केली. तू लिहिलंस त्याप्रमाणे सगळं सोवळ्यात. स्नान करून रेशमी मुकटा नेसलो, थंडी फार म्हणून वर लोकरीची शाल. पेटी पाटावर घेतली. त्रिकोणाशी त्रिकोण मिळवला तर महाराज टपकन जागेवर बसले. बोर्डाला बोट लागताच मात्र सणकन चिमटा बसला आणि चक्क ठिणगी दिसली. मी म्हटलं, देवता जागृत आहे.

कुठली जागृत! बटण दाबलं तर पंखा गरगरतो आणि पडदा काळा. तीनदा केलं, चौथ्यांदा रामरक्षा म्हणून केलं. कस्तुरी, मी त्याला मारलं का ग? जुना पुन्हा बसवायची हिंमत झाली नाही, ठेवून दिला. आठ दिवसांत मुकुल येईल. खरं सांगतो, मला भीती वाटते. मुलांना निरोप धाडला की गुरुजींचा घसा बसला आहे. मामीला म्हटलं, कंप्यूटर अपडेट होतोय. ती मटार सोलत बसली.

आशीर्वाद देणाऱ्याला आज तूच धीर दे.

तुझा
दिनानाथमामा


पुणे
४ डिसेंबर २०२४

ती. मामांना कस्तुरीचा शि. सा. नमस्कार.

मुकटा? मामा, रेशीम आणि वर लोकर? अहो, ती देवता नव्हती, रेशमाला लोकर घासून अंगात आलेली वीज होती. तशा एका ठिणगीनेही प्रोसेसर जातो. सोवळं म्हटलं ते बोट न लावण्यापुरतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. चूक माझी आहे, माझी थट्टा तुम्हाला नडली.

दुसरा पाठवायचा तर आठ तारीख उलटते. पत्र मिळताच बाहेरून फोन करून नुसतं हो म्हणा, मी मुकुलदादाला सगळं सांगते. रागावला तर माझ्यावर रागावेल.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची
कस्तुरी


।। श्री ।।
रामघाट, वाराणसी
१० डिसेंबर २०२४

चि. कस्तुरीस प्रमोदिनीमामीचे आशीर्वाद.

तुझं चार तारखेचं पत्र डाकियाकडून मीच घेतलं. मामांना दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिलंही वाचलं होतं. ह्या घरातल्या पोथ्यांना पंचेचाळीस वर्षं ऊन कोण दाखवतं, हे ते विसरले.

त्यांची एक खोड तुला ठाऊक नाही. त्यांच्या मते सही आली की पत्र संपलं, तिच्याखालचं ते वाचतच नाहीत. तुझा ता. क. तसाच राहिला; आड आली म्हणून वायर काढली, पण परत लावलीच नाही. एक तारखेला ते स्नानाला घाटावर गेले, तेव्हा मी साधी सुती साडी नेसून ती चौकोनी वायर खटकन बसवली. प्रोसेसर ठणठणीत आहे. परत येऊन त्यांनी बटण दाबलं आणि पडदा उजळला तशी मला हाक मारली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, देवतेला जरा वेळ लागतो. मी म्हटलं, लागतोच.

मुकुल ठरल्या दिवशी आला. काल सकाळी क्लासमध्ये मागे बसला. पाचही मुलांनी स्वर बरोब्बर उचलले. मग स्वयंपाकघरात येऊन विचारलंन, आई, हे बाबांनी एकट्याने केलं? मी म्हटलं, एकट्याने. काशीत बसून खोटं बोलले, विश्वनाथ बघून घेईल.

तर म्हणाला, मग तू तरी चल. तुलाच यायचं असतं, म्हणून तर मला रोज सगळं सांगतेस. कस्तुरी, मी का सांगते हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं ग. मामांना वाटतं मी चुगली करते, लेकाला वाटतं मी बोलावते. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझा आवाज ऐकायचा असतो. सांगायला दुसरं काही नसतं, म्हणून घरातलं सांगते." मग म्हणाला, "रोज मीच करत जाईन फोन. तू नुसती बोल."

तुझ्यावर राग नाही, लोभ आहे तितकाच आहे.

तुझी
प्रमोदिनीमामी