कादंबरीतली ताई

प्रिय धाकट्या,

तुला आणि सूनबाईंना आशीर्वाद. देवाच्या कृपेने मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतंय कोण! तुझ्या बाबांची कादंबरी लोक अजून वाचतात. परवा एक बाई पुस्तक घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, सगळं खरंच असणार ना हो, जन्म वर्तमानपत्रात काढलेला माणूस खोटं कशाला लिहील? मग आत डोकावून विचारलं, लेक कुठे असते तुमची? पाणी आणते म्हणून मी उठले, ती स्वयंपाकघरातच उभी राहिले.

पुस्तकात सगळं आपलंच आहे. मुद्रितं तपासणारा पोरगा मुख्य उपसंपादक कसा झाला ते, शाईचे डाग पडलेले सदरे, मालकांशी झालेली भांडणं. साबणाची उरलेली चपटी वडी मी नव्या वडीला चिकटवते, तेसुद्धा सोडलं नाही यांनी! तूही आहेस, परीक्षेच्या धास्तीसकट. फक्त त्यात ताई तापातून उठते, घरी येते, नोकरीला लागते. तेव्हा वाचून मी गप्प बसले. म्हटलं, बापाचं मन आहे, कागदावर तरी जगू दे पोरीला.

पण ती कागदावर राहिली नाही रे. हे बाहेरचा दिवा मालवू देत नाहीत. मी म्हणते, वीज काय झाडाला लागते? तर म्हणतात, तिला यायला उशीर होतो. आणि खरं सांगू? देवापुढे डोळे मिटले की मलाही दारात चपला काढल्यासारखा आवाज येतो. जप चुकतो. उठून बघायचा धीर होत नाही.

काल हे तिला आणायला म्हणून अनवाणीच निघाले. मोठ्या रस्त्यावर मोटारींच्या मधोमध उभे होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने हाताला धरून आणलं. मग मी मन घट्ट करून सांगितलं, अहो, आपली ताई दवाखान्यातच गेली. यांनी चष्मा काढला आणि थेट ऑफिसातल्या आवाजात विचारलं, तू होतीस तिथे? मी कुठली? खाली बाकावर जप करत बसले होते, आणि हे अंकाच्या कामात. म्हणाले, ऐकीव माहितीवर मेल्याची बातमी मी कधी लावली नाही. खोलीत जो हजर होता, त्याला बोलाव. तिचं क्रियाकर्म सगळं यांच्याच हातून झालं, पण ते डोक्यातून पार पुसलं गेलंय.

खोलीत तू होतास, बाळा. एकटाच. म्हणून हे पत्र. त्या दिवसाबद्दल तू कधी तोंड उघडलं नाहीस आणि आम्हीही जखमेला हात लावला नाही. आता ये. यांच्यासमोर बस आणि ती कशी गेली ते सांग. रडलास तरी चालेल, हे थांबतील. मीही तिथेच बसणार आहे. शेवटी ती काय म्हणाली, तिने मला हाक मारली का, हे मला अजून ठाऊक नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई