एका रिंगला एक पेटी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आज दोन घातलेत. दुसरा कशासाठी ते शेवटी कळेल. पण आधी शेवट वाचू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.) तुझी पाठ कशी आहे? आतोबा अजून घोरतात का? त्यांनी गाडी विकल्यापासून तुमचं गॅरेज रिकामंच आहे ना? सहज विचारलं.

इकडे आम्ही सगळे मजेत. मी मेलेलो नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या गावात तशी बातमी पसरली असेल तर ती खोटी आहे. कशी पसरली ते सांगतो.

तुला ठाऊकच आहे, मी बिजागऱ्यांच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांचं काम बघतो. गिऱ्हाइकं म्हणजे काय, मुख्यतः एकच : तुमच्याच गावातले ते दरवाजे बनवणारे आजोबा. तीस वर्षांपूर्वी आपले गुडघे घेऊन ते तिकडे गेले आणि तेव्हापासून ते गुडघे दुखतायत. दर महिन्याला मी फोन करायचा, त्यांनी बारा पेट्या सांगायच्या, आणि मग डावा गुडघा, उजवा गुडघा, सुनेचा स्वभाव, अशा क्रमाने गप्पा. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मालकांचे मेहुणे कारखान्यात आले. हुद्दा बचतप्रमुख. (आम्ही पाठीमागे चिमटेसाहेब म्हणतो.) पहिल्या आठवड्यात त्यांनी टाचण्या मोजल्या, दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या हाती फोनचं बिल पडलं. मग काय विचारतेस! घड्याळ घेऊन माझ्या मांडीला मांडी लावून बसले. बारा मिनिटांच्या फोनमध्ये धंदा दीड मिनिट आणि बाकी सगळे गुडघे. "परदेशी दराने गुडघे!" असं ते इतक्या जोरात ओरडले की पलीकडून आजोबांनी विचारलं, यांचेही दुखतात का?

तीन आठवडे हिशेब करून त्यांनी नवा नियम काढला. यापुढे फोन आपण करायचा नाही, आजोबांनी करायचा. आणि तो आपण उचलायचा नाही. जितक्या रिंगा वाजतील तितक्या पेट्या पाठवायच्या. एका रिंगला एक पेटी. न उचललेल्या फोनचे पैसे ना त्यांना पडत, ना आपल्याला. (खोटं कशाला बोलू, ऐकताना मलाही पटलं. तुझाच भाचा.) हा नियम समजावणारं पत्र आजोबांना रवाना झालं. आता कोणत्या टपालाने, हे तू विचारणारच. सगळ्यात स्वस्त. म्हणजे बोटीने. आणि नियम कधीपासून लागू? तर येत्या सोमवारपासून.

सोमवारी माझा महिन्याचा ठरलेला फोन गेला नाही, आणि मंगळवारी आजोबांचा फोन वाजला. सगळं ऑफिस श्वास रोखून उभं. पॅकिंगचे मुकादम खडूने फळ्यावर रेघा ओढतायत, चिमटेसाहेब मोठ्याने मोजतायत. बारा झाल्या, वीस झाल्या, तीस झाल्या. दोनदा माझा हात फोनकडे गेला आणि दोनदा त्यावर फूटपट्टी बसली. अडतीसला फोन थांबला. बुधवारी परत एक्केचाळीस. गुरुवारी तेहतीस. एकशे बारा पेट्या! मालकांनी मला मिठी मारली, पगार वाढवला, दोन पाळ्या लावल्या आणि तीन आठवड्यांत माल जहाजावर चढवलासुद्धा.

जहाज सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी बायकोच्या नावाने पत्र आलं. सांत्वनाचं. आजोबांनी लिहिलं होतं की तीन दिवस फोन लावला, कोणी उचलला नाही. इतका बोलका मुलगा फोन उचलत नाही म्हणजे तो उरलाच नसणार. असा ऐकून घेणारा माणूस पुन्हा होणे नाही. आत्या, खरं सांगतो, मला भरून आलं. बायको तर हमसून हमसून रडली, मी समोर चहा पीत बसलेला असताना. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात होतं : बारा पेट्या सांगायच्या होत्या, पण आता सवडीने पाठवा.

मी तडक घरच्या फोनवरून, पदरचे पैसे खर्चून फोन लावला. आजोबा आधी रडले, मग त्यांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या, मग डाव्या गुडघ्यावर आले. चाळीस मिनिटं बोलले. मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. बारा पेट्या घेतो म्हणाले. उरलेल्या शंभर ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. त्या परत आल्या तर परतीचं भाडं माझ्या पगारातून आणि नोकरीच्या नावाने आंघोळ. मालकांना यातलं काहीच माहीत नाही, ते नवं यंत्र बघायला गेलेत.

असो. बाकी सर्व क्षेम. आतोबांना नमस्कार.

तुझा (जिवंत) भाचा

ता. क. : तर ते गॅरेज. फक्त शंभर पेट्या. आजोबा दर महिन्याला बारा उचलून नेणार आहेत, आठ-नऊ महिन्यांत मोकळं होईल. तोवर आतोबांना गाडी घेऊ देऊ नकोस. आजोबा आले की दहा मिनिटं बसतील. गुडघ्याबद्दल तू विचारायची गरज नाही.

आणखी एक ता. क. : तुझ्या होकाराची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून जहाज कंपनीला तुझा पत्ता आधीच कळवून टाकलाय. पेट्या जड आहेत. पाठ सांभाळ.

शेवटचा ता. क. : पदरचे पैसे त्या फोनमध्ये गेले, म्हणून हे पत्र कारखान्याच्या टपालात टाकतोय. म्हणजे हेही बोटीनेच येणार, पेट्यांच्या मागून. तेव्हा तू हे बहुधा पेटीवर बसूनच वाचत असशील. राग आला असेल तर फोन करून मनसोक्त झाप, मी पहिल्याच रिंगला उचलतो. पण मी जागेवर नसलो, तर तुझ्या पाया पडतो, नुसता वाजवत राहू नकोस. फळा अजून पुसलेला नाही.