अकरा घरं

ब्रेस्तोवो,
शुक्रवार, २० एप्रिल १९२८

चि. ल्युबेन यास,

आईचे आणि माझे आशीर्वाद. ख्रिस्त उठला! ईस्टरचा आठवडा अजून सरलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

प्रागच्या वर्तमानपत्रात आमच्याकडची बातमी छापून आली असेलच. तुझी आई म्हणाली, "पोरगा तिकडे जिवाला घोर लावून बसला असेल, चार ओळी तरी खरडा." तिचा उजवा हात गळ्यात बांधलाय, नाहीतर नेहमीसारखं तिनंच लिहिलं असतं. काळजी करू नकोस. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला पहिला धक्का बसला, तेव्हा ती अंगणात चुलीवर ईस्टरची अंडी लाल रंगात रंगवत होती. पातेलं उलटलं आणि ती त्यावर पडली. मनगट मुरगळलं, थोडं भाजलं. आता बरं आहे. लाल रंग मात्र कोपरापर्यंत चढलाय तो उतरत नाही. येणारा-जाणारा दचकतो आणि तिला हसू येतं.

दुसरा धक्का बुधवारी, जेवणं झाल्यावर. तो फार मोठा होता. चिर्पान शहर शनिवारीच जमीनदोस्त झालं होतं, बुधवारी प्लोव्दिव्हची दशा झाली. नदीकाठच्या शेतांत जमीन फाटून वाळू आणि पाणी उसळलं. आपल्या गावातली बरीच घरं पडली. आम्ही खळ्यावर तंबूत राहतो. तंबू सैन्यानं दिले. आपलंही घर पडलं, पण घरात कुणी नव्हतं.

शेळीनं ऐन ईस्टरच्या दिवशी दोन करडं दिली. द्राक्षाच्या वेली छान फुटल्यात, त्यांना कशाचंच काही नाही.

तानासकाका गेले. वय झालं होतं.

तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. तिचं नाव मला नीट लिहिता येत नाही, आई सांगते ते माझ्या जिभेवर बसत नाही. राग मानू नये.

नायदेन


ब्रेस्तोवो,
सोमवार, ७ मे १९२८

ल्युबेन,

तुझं पत्र शनिवारी आलं. चार वर्षांत माझ्या नावानं आलेलं पहिलंच. पोस्टमननं ते तंबूच्या दोरीवर अडकवलं आणि म्हणाला, "नायदेनबाबा, या वेळी बायकोचं नाही हं, तुमचं आहे." काल सेंट जॉर्जचा सण होता. गावानं कशीबशी चार कोकरं भाजली, सगळ्यांनी मिळून खाल्ली. सण आटोपल्यावर लिहीन म्हणत होतो. आता सण आटोपला.

तू दोनच प्रश्न विचारलेस. कुणाकुणाची घरं पडली, आणि तानासकाका कशानं गेले. तू आधीपासून असाच. नेमकी जिथे भेग असेल तिथेच बोट घालणार.

तर ऐक.

शनिवारच्या धक्क्यात गावातली जुनी मातीची घरं पडली. दोन माणसं गेली, वरच्या आळीतली. मी बांधलेली अकराच्या अकरा घरं उभी होती. दुमजली, विटांची, लाल कौलांची. ईस्टरच्या सकाळी चर्चच्या अंगणात उघड्यावर प्रार्थना झाली आणि नंतर लोक येऊन माझा हात हातात घेत होते. "नायदेन, तुझ्या हाताला देवानं यश दिलंय." मी मान खाली घालून ऐकत होतो, पण आतून फुगलो होतो. खोटं कशाला बोलू? तुझीच आठवण आली. मनात म्हटलं, आता ये म्हणावं इंजिनियरला, बघ म्हणावं.

सोमवारी पावसाला सुरुवात झाली. थंड, तिरका पाऊस. तंबू अजून पोचले नव्हते, लोक गाड्यांखाली चादरी बांधून बसले होते. रुसीची बायको दिमित्रिना तुला आठवत असेल, गिरणीवाल्यांची सून. तिचं बाळ तेव्हा पाच आठवड्यांचं. ती मला भर पावसात विचारायला आली, "बाबा, घर तुम्हीच बांधलंय. भिंतीला दोन-तीन भेगा आहेत. आत जाऊ का? पोरीला खोकला लागलाय."

मी बाहेरूनच भिंत पाहिली. हातानं थोपटली, घोड्याला थोपटतात तशी. म्हणालो, "जा बेटा, खुशाल जा. शनिवारी पडली नाही ती आता काय पडते?"

हे मी म्हणालो, ल्युबेन. माझ्या तोंडून गेलं. ती गेली, आणि ती गेली म्हणून बाकीचेही आपापल्या घरांत परतले.

मंगळवारी आपल्या घरी गेलो, पीठ आणि घोंगड्या काढायला. तुझ्या खोलीत चुलखंडाशेजारी जी भेग होती तीत मी सहज हात घातला. मनगटापर्यंत आत गेला. चाकूनं सांध्यातला चुना खरवडला तर भुगा पडला, कोंड्यासारखा. तुला माहीत आहे त्या वर्षांत मी चुना किती घालत होतो आणि माती किती. भिंतीत कुठंही लाकडाचा पट्टा नाही. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना नुसत्या टेकून उभ्या. माझे वडील प्रत्येक तीन हातांवर भिंतीत ओकचे वासे घालायचे. मी त्याला म्हाताऱ्यांची सवय म्हणायचो. विटांना लाकडाचा टेकू कशाला, असं म्हणून मी त्यांना हसायचो.

तू परांचीवर उभा राहून जे बोलला होतास त्याचा शब्द न् शब्द आठवला. पुढे तिथं काय झालं ते तुला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

बुधवारी उजाडताच रुसीच्या दारात गेलो. म्हटलं, "बाहेर निघा. आत्ताच्या आत्ता."

रुसी म्हणाला, "परवा म्हणालात आत जा, आज म्हणता बाहेर निघा. सकाळी सकाळीच घेतलीत की काय?"

"घेतलेली नाही. भिंत पडेल."

"शनिवारी का नाही पडली?"

नुसतं 'पडेल' म्हटलं तर त्या पावसात कोण बाहेर येतो? मग मी चर्चपाशी गेलो. घंटा अक्रोडाच्या झाडाला टांगली होती, ती वाजवली. आग लागल्यासारखे लोक धावत आले. आणि मी सांगितलं. कोणकोणती अकरा घरं, कुणाच्या घरात चुना कमी, कुणाच्या कोपऱ्यात सांधा नाही. माझ्या मुलानं चार वर्षांपूर्वी मला सगळं सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं.

मग म्हातारी झ्लाता पुढे आली, माझ्या पायाशी थुंकली. "मेल्या, माझ्या नातवंडांना त्या भिंतीखाली निजवलंस? तुझे हात झडोत!" रुसीनं माझी गचांडी धरली. फादरनी त्याला ओढलं नसतं तर मी पडलोच असतो. मला मारायला हवं होतं असं आताही वाटतं. पण दिमित्रिना मधे आली आणि नवऱ्याला म्हणाली, "मारायचं ते नंतर मार. आधी पाळणा बाहेर काढ."

दुपारपर्यंत दहा घरं रिकामी झाली. संध्याकाळी तंबूही आले.

अकरावं तानासचं.

मी त्याच्याकडे तीनदा गेलो. खाटेवर बसून पाइप ओढत होता. म्हणाला, "आपण दोघं नागडे होऊन मारित्सा नदीत पोहायला शिकलो, नायदेन. नऊ वर्षं मी तू बांधलेल्या घरात राहतोय. तुला स्वतःचं काम ओळखता येत नाही, मला येतं. पावसानं आणि त्या बायकांच्या रडण्यानं तुझं डोकं फिरलंय. जा, झोप."

मी म्हटलं, "तानास, तुझ्या पाया पडतो."

तो म्हणाला, "पड, पण बाहेर जाऊन पड. इथे चिखल करू नकोस."

तिसऱ्यांदा मी त्याला उचलून न्यायचं ठरवून गेलो होतो. पण तो हसत होता रे. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास होता, आणि मी माझ्या कामाची जी लाज चव्हाट्यावर मांडली होती ती त्याला माझ्यासाठी सहन होत नव्हती. मी हात लावला नाही. परत आलो. रात्री नऊ-सव्वानऊला जमीन हलली. मिनिटभर, कदाचित कमी. धुळीचा लोट खाली बसला तेव्हा अकरापैकी एकही घर उभं नव्हतं.

त्याला आम्ही पहाटे काढलं. रुसीनं आणि मी. दोघांनी हातांनी एकेक वीट उचलून बाजूला केली. दहा घरांतली त्रेचाळीस माणसं तंबूत जिवंत होती, आणि तानास नव्हता. लोक मला त्रेचाळीस सांगतात. मी एकच मोजतो.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं झाली. यापुढे मी थापी हातात धरणार नाही. हत्यारं पोत्यात बांधून ठेवलीत, कुणी मागितली तर देऊन टाकीन. आईचा हात सुधारतोय. ती म्हणते, "त्याला सगळं लिहिलंत का?" लिहिलं.

तुझा बाप


ब्रेस्तोवो,
बुधवार, ७ नोव्हेंबर १९२८

ल्युबेन बाळा,

उद्या सेंट दिमितारचा दिवस, गवंड्यांचा हंगाम संपायचा. म्हणून आज बसून लिहितो. हात चुन्यानं तडकलेत, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे.

तू जूनमध्ये घराचे नकाशे पाठवलेस आणि सोबत एकच ओळ लिहिलीस, "बाबा, पोतं सोडा." ते पत्र आई तंबूतल्या सगळ्या बायकांना वाचून दाखवत होती. मी तरी पोतं सोडलं नाही. कुठल्या तोंडानं सोडणार? लोक बाहेरगावचे गवंडी शोधत होते आणि ते बरोबरच होतं.

मग जुलैत एके दिवशी दिमित्रिना आली. कडेवर पोरगी, चांगली गुटगुटीत झालीय, दोन दात आलेत. म्हणाली, "बाबा, आमचं घर तुम्ही बांधायचं."

मी म्हटलं, "तुला वेड लागलंय का?"

"बाहेरचा गवंडी येऊन म्हणतो, माझी भिंत शंभर वर्षं टिकेल. तुम्हीही तसंच म्हणायचा. स्वतःची भिंत पडणार असं तोंडानं सांगणारा एकच गवंडी मी आयुष्यात पाहिलाय."

मागे रुसी उभा होता, टोपी हातात घेऊन. तो म्हणाला, "मी रोज कामावर हजर राहीन. चुना मीच कालवणार. तुमच्यावर नजर ठेवायला."

आणि खरंच ठेवली. पहिले पंधरा दिवस तो प्रत्येक पाटीत हात घालून चुना बघायचा. घर एकमजलीच, तू सांगितलंस तसं. ओकचे पट्टे जोत्यावर, खिडक्यांखाली, खिडक्यांवर आणि छपराखाली. कोपऱ्यात लोखंडी पट्ट्या. तुझा एक आकडा मला कळेना, तेव्हा शाळेतल्या मास्तरांना विचारला, त्यांनाही कळेना. शेवटी मी काठ्या आणि सुतळीनं छोटा सांगाडा बांधून तो टेबलावर हलवून पाहिला, मग कळलं. बासष्टाव्या वर्षी! तानास असता तर पोट धरून हसला असता.

तशी चार घरं झाली. पाचव्याचं जोतं झालंय, ते वसंतात वर काढू. झ्लाता म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाही, पण परवा तिनं सुनेच्या हाती भोपळ्याची पोळी पाठवली. मी ती कामावरच्या सगळ्यांत वाटली. तानासच्या थडग्यावर अजून दगड बसवला नाही. मीच घडवतोय, हळूहळू.

सप्टेंबरात एकदा छोटा धक्का बसला. मी परांचीवर होतो. सगळे खाली पळाले, मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. ओकचे वासे कुरकुरले, लाकडी गाडी वळताना कुरकुरते तसे, आणि गप्प झाले. भेग एकही नाही. रुसी खालून ओरडला, "बाबा, काय म्हणते?" मी म्हटलं, "म्हणते, मी इथेच आहे." तेव्हा मला रडू आलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

आता जे मेमध्ये लिहिलं नाही ते.

चार वर्षांपूर्वी त्या परांचीवर, रुसीच्याच घराच्या भिंतीवर, मी तुला सगळ्या कामगारांसमोर थोबाडीत मारली. तेवीस वर्षांचा होतास. तू बरोबर होतास म्हणून मारली. चूक असतास तर मी हसून सोडून दिलं असतं, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तू गाडीनं गेलास आणि मी स्टेशनवर आलो नाही. आईला म्हणालो, पाय दुखतोय.

आज दुपारी काम संपल्यावर वाइनचा घडा उघडला. तेव्हाचे सहा कामगार अजून माझ्याकडे आहेत, त्यांना आणि रुसीला बसवलं आणि सांगितलं, "त्या दिवशी मी माझ्या पोराला तुमच्या देखत मारलं. तो खरं बोलला होता. मी त्याची माफी मागतो." थोबाडीत चारचौघांत मारली होती, माफी बंद पाकिटातून मागितली तर पुरी होत नाही. थोरला स्पास उठला, त्यानं पेले भरले आणि म्हणाला, "मग हा ल्युबेनच्या नावानं."

म्हणून तुला आता हेही विचारायला हरकत नाही. वसंतात येशील का? पाचवं घर तुझ्या डोळ्यांसमोर वर काढायचंय. आईनं तुझ्या बायकोचं नाव मला रोज एकदा याप्रमाणे शिकवलं. बोझेना. बघ, नीट लिहिलं की नाही. तिलाही घेऊन ये. राहायला खोली बांधलीय, एकमजली, चारही पट्ट्यांची. तपासून घे, आणि काही चुकलं असेल तर सगळ्यांसमोर सांग.

तुझा बाप आणि, नकाशे तुझे असेपर्यंत, तुझ्या हाताखालचा गवंडी,
नायदेन