गळायचं राहिलेलं पान

हिरवंरान, राजसदन
थोरलीवर एकोणीस पानं. सकाळ.

प्रिय मायरेलवहिनी,

सेलथारचा वाकून नमस्कार. इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत. समुद्राच्या वाऱ्याने तुझे गुडघे धरले नसतील अशी आशा करतो.

तुझी खारवलेली मासळी पोचली. दरवर्षी सांगतो पाठवू नको, आणि दरवर्षी पाठवतेस. पेटारा उघडला तेव्हा दरबार चालू होता. आपले एल्फ तोंडावर काही बोलत नाहीत, पण एकेकाचे कान कसे मागे गेले ते मी पाहिलं. तीन दिवस राजसदनात वास होता. मी मात्र रोज एक तुकडा निखाऱ्यावर भाजून खातो. राजा असण्याचे फायदे फार नाहीत, त्यांतला हा एक.

बाकी नेहमीचंच. अळंबी यंदा भरपूर आली. रानबोरांचं मद्य आंबलं, त्याबद्दल प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मिठाचा व्यापारी येऊन गेला. माणूस आहे, म्हणजे वय वर्षं चाळीस, तरी स्वतःला जाणता समजतो. रानाभोवतीचं कुंपण कधी मिटणार याची त्याला घाई. म्हटलं, थोरली म्हणजे आमचं सगळ्यात जुनं झाड, तिच्यावरचं शेवटचं पान गळलं की काटे आपोआप एकमेकांत गुंततील, मग वसंतात तिला कोंब फुटेपर्यंत कोणी आत येणार नाही की बाहेर जाणार नाही. मलासुद्धा ते उघडता येत नाही. तर म्हणतो, "महाराज, पांढऱ्या लांडग्यांच्या नुसत्या श्वासाने जिवंत जीव बसल्या जागी गोठतो म्हणतात, त्यांची एवढी भीती आहे तर ते पान तोडून का टाकत नाही?" अख्खा दरबार पोट धरून हसला. थोरलीचं पान तोडायचं! आपल्यातल्या वेड्यालाही हे सुचणार नाही. मीही हसलो.

तुझी लिस्वेन उत्तरेच्या गस्तीवरून परत आली. बरी आहे, थोडी वाळली आहे. मी तुला पत्र लिहावं असा तिचा हुकूम आहे, आणि कुंपण मिटायच्या आत ते बंदराच्या वाटेला लागलं पाहिजे. तिला तिकडे काहीतरी सापडलंय. त्याबद्दल पुढे लिहितो.

थोरलीवर बारा.

पुढे लिहितो म्हटलं आणि सात पानं गळली. आपल्या लोकांची ही खोड तुला ठाऊक आहे. आयुष्य लांब, त्यामुळे कुठलीही गोष्ट उद्यावर ढकलली तरी काही बिघडत नाही असं वाटतं.

लिस्वेन रोज सकाळी दारात येऊन उभी राहते. आज विचारलं, "झालं लिहून?"

"होतंय."

"कुठपर्यंत आलं?"

"मासळीपर्यंत."

"मासळीपर्यंत!" ती म्हणाली. एरवी हसली असती. "आई दोनशे अकरा हिवाळे वाट बघतेय, आणि तुम्ही तिला मासळीचा वास कळवताय."

"बोरांच्या मद्याचंही लिहिलंय."

ती वळली आणि निघाली. पूर्वी अशा वेळी "काका, पुरे हं" म्हणायची. परत आल्यापासून ती मला काका म्हणत नाही आणि महाराजही म्हणत नाही. नुसतं तुम्ही.

तर ऐक. यंदा उत्तरेच्या ओढ्याला पूर आला आणि कुंपणाच्या बाहेरची माती वाहून गेली. त्याखाली आपली माणसं निघाली. कुंपणाला पाठ टेकून, एका रांगेत बसलेली. लहानांना मध्ये घेतलेलं. लिस्वेनने दोनदा मोजली. चाळीस, आणि टोकाला एक.

टोकाचा दादा होता. कमरपट्ट्यावरून ओळखला. तू विणलेला, निळ्या गाठींचा.

वहिनी, इथे थोडी थांब, पाणी पी, मग पुढचं वाच. इतकी वर्षं तुला आणि सगळ्या रानाला वाटत आलं की दादा उत्तरेच्या वस्तीतल्या लोकांना सोडवायला गेला आणि तिकडेच कुठेतरी, लांब, लांडग्यांच्या तावडीत सापडला. मीच तसं सांगितलं होतं. तो लांब नव्हता. तो दारात होता.

त्याच्या मांडीवर शिंगाची, आरपार दिसणारी नळी होती. बाहेर जाणारा प्रत्येक जण थोरलीची डहाळी अशा नळीतून नेतो, तुला काय सांगायचं, दादाच्या नळीला मेण तूच लावायचीस. ती डहाळी हजार कोसांवर असली तरी तिचं शेवटचं पान थोरलीच्या शेवटच्या पानाबरोबरच गळतं. बाहेरचा त्या पानाकडे बघून पाय उचलतो. पान आहे तोवर दार उघडं आहे.

लिस्वेनने नळी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "उजेडात धरा."

मी धरली नाही. मला ठाऊक होतं आत काय आहे.

थोरलीवर पाच.

डहाळीवर पान होतं. अजून आहे.

आता लिहितो. तू हे पत्र हातातून टाकशील तर टाक, पण नंतर उचलून पूर्ण वाच.

त्या वर्षी दादाच्या गैरहजेरीत मी तीन महिने त्याच्या आसनावर होतो. रिवाजाप्रमाणे आसनावरचा शेवटचे दिवस थोरलीखाली एकटा बसून काढतो, तसा बसलो होतो. एक पान उरलं होतं. दुपारी दादाचा पक्षी आला. चिठ्ठीत दोन ओळी. "दोन दिवसांत पोचतो. बरोबर चाळीस जण आहेत, पोरं थकली आहेत, पण माझं पान घट्ट आहे, काळजी करू नको." तासाभरात टेहळणीवाले आले. म्हणाले, पांढरे लांडगे दादाच्या मागावर आहेत, फार तर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. दादाला आत घ्यायचं तर त्यांनाही दारापर्यंत येऊ द्यावं लागणार होतं. आत बाराशे लोक होते. तू होतीस. लिस्वेन तुझ्या मांडीवर होती.

हे मी दोनशे अकरा वर्षं स्वतःला सांगतोय, आणि ते खोटं नाही. पण एवढंच नाही. त्या तीन महिन्यांत लोक मला विचारून कामं करू लागले होते. इरुवानचा धाकटा भाऊ म्हणून नाही, मला विचारून. दादा आला की मी परत त्याचा बाण-भाता उचलणारा होणार होतो. भीती किती होती आणि आसनाचा मोह किती, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. सगळी भीतीच होती असं लिहायला फार सोपं गेलं असतं.

मी चढलो आणि पान तोडलं.

ते घट्टच होतं गं. देठ दोनदा पिळावा लागला.

खाली उतरलो तर कुंपण मिटायला लागलंच होतं. थोरलीची राखणदार ब्रीनाआजी धावत आली. मी तळहात पुढे करून म्हटलं, "गळलं." तिने देठाचं ओलं टोक पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि वाकून म्हणाली, "महाराज." तोवर मला कोणी महाराज म्हटलं नव्हतं. ती मरेपर्यंत एकशे वीस वर्षं रोज थोरलीखालचा पाचोळा झाडत राहिली, आणि माझ्याशी दुसरा शब्द बोलली नाही.

आता जे लिहायचं आहे ते पान तोडण्याहून वाईट आहे.

तिसऱ्या दिवशी तू उत्तरेच्या बाजूला कुंपणाला कान लावून उभी होतीस. काट्यांनी कानशिलं रक्ताळली होती, तरी हलत नव्हतीस. मला म्हणालीस, "सेलथार, कोणीतरी हाक मारतंय."

मी म्हटलं, "वारा आहे, वहिनी."

"तुझं नाव घेतंय."

"वारा आहे."

आणि तुला दंडाला धरून घरी आणलं. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि म्हणालीस, "पान गळलं, त्याला तू तरी काय करणार." त्या एका वाक्यावर मी आजवर जगलोय. पुढे तू बंदरावर राहायला गेलीस, तिथून वर्षानुवर्षं मासळी पाठवत राहिलीस, आणि मी ती खात राहिलो.

हाक ऐकू येत होती. मलाही.

थोरलीवर तीन.

काल लिस्वेनने नळी भर दरबारात ठेवली. मी विरोध केला नाही. सगळे जण बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. त्यांना कळायला वेळ लागला, कारण असं काही असू शकतं हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे... तोडलं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मिठाच्या व्यापाऱ्याची मला आठवण झाली. एवढ्या मोठ्या दरबारात त्याने आणि मी, दोघांनीच तो विचार केला होता.

लिस्वेनने मला एकच गोष्ट सांगितली, तीही सर्वांसमोर. "बाबांनी नळी उघडली होती, मेणाचे थर दोन आहेत. कुंपण मिटलेलं दिसल्यावर त्यांनी पान हाताने चाचपून पाहिलं असणार. मग त्यांनी परत मेण लावलं. हाताची बोटं चालत नसतील अशा थंडीत, नीट, चारी बाजूंनी. हे कोणालातरी सापडावं म्हणून."

म्हणजे दादाला कळलं होतं. इतकी वर्षं मी मनाला समजावत होतो की तो लांडग्यांना शिव्या देत गेला असेल, नशिबाला दोष देत गेला असेल. तो माझं नाव घेत गेला. आधी हाक म्हणून, आणि नंतर कसं घेतलं असेल ते मला लिहवत नाही.

आपल्या कायद्याप्रमाणे शिक्षा ठरवायचा हक्क ज्या घराचं नुकसान झालं त्या घराचा. म्हणजे तुझा. पण तुझं उत्तर यायचं ते कुंपण उघडल्यावर, वसंतात. दरबाराने लिस्वेनला विचारलं, तोवर काय?

तिने नळी फोडली. डहाळी माझ्या हातात दिली. दोनशे अकरा वर्षांचं वाळलेलं लाकूड, आणि त्यावर ते पान, कडक, तपकिरी, पण देठाशी पक्कं. मी अंगठ्याने ढकलून पाहिलं. हललं नाही.

"हे पान गळेल तेव्हा आत या, काका," ती म्हणाली.

काका म्हणाली, वहिनी. म्हणताना तिचा आवाज कापला, आणि तिने तोंड फिरवलं. हे तुला मुद्दाम लिहितोय. तुला वाटेल पोरगी दगडाची झाली. नाही झाली.

ज्या पानाची गळायची वेळच आली नाही, ते आता कशाने गळणार? हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

थोरलीवर एक.

हे उभ्यानेच लिहितोय, उत्तरेच्या दाराबाहेर. बंदरावर जाणारा निरोप्या शेजारीच घोड्यावर बसून माझी वाट बघतोय. तो पूर्वेच्या वाटेने जाईल, तिकडे लांडगे नाहीत, पत्र तुला मिळेल.

आसनावर आजपासून लिस्वेन आहे. थोरलीखाली तीच बसली आहे, पानाकडे बघत. गळेपर्यंत हात मांडीवर ठेव, एवढंच मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. मासळीचा वास आवडत नाही म्हणून ती नाक मुरडते, पण चोरून खाते, मी पाहिलंय. यापुढे तिच्या नावाने पाठव.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील अशी मला धास्ती वाटते. तू तशीच आहेस. मेहेरबानी करून देऊ नकोस.

दादाला आणि त्या चाळीस जणांना लिस्वेनने थोरलीच्या मुळांशी नेऊन निजवलं. पुराने उघडी पडलेली त्यांची बसायची जागा मात्र तशीच आहे, कुंपणाला टेकून, एकेकाच्या पाठीचा खळगा अजून दिसतो. मी टोकाच्या खळग्यात बसणार नाही, तो दादाचा. त्याच्या पलीकडे बसेन. लांडग्यांचे ठसे कालच ओढ्यापाशी दिसले आहेत, म्हणजे फार दिवस बसावं लागणार नाही.

हाक मारायची नाही असं मी ठरवलं आहे. पण ठरवलेलं माझ्या हातून किती पाळलं जातं ते आता तुलाही कळलं. म्हणून लिस्वेनला सांगून ठेवलंय, कुंपणापलीकडून कोणी तुझं नाव घेतलं तर कान लावू नकोस, वारा आहे.

दीर म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर तुझा दीर, नाहीतर नुसताच,

सेलथार

थोरलीवरचं गळलं. काटे सरकल्याचा आवाज येतोय. माझ्या हातातलं आहे.