धाकट्याच्या छातीतली पावडर

४ फेब्रुवारी

आज धाकट्याने जेवणाचा डबा भिंतीवर आपटला. पॅकिंगच्या सगळ्या बायकांसमोर! भाजीचे शिंतोडे माझ्या एप्रनवर. कारण काय — तर मी एवढंच विचारलं, गोळी घेतलीस का?

"गोळी, गोळी, गोळी! ताई, तू बहीण आहेस की औषधाचं दुकान?"

मान लालबुंद, कपाळावरची शीर टरारून फुगलेली. आमच्या घराण्यात वारसा म्हणून दुसरं काही आलं नाही, बीपी तेवढं आलं. आईला होतं, अण्णांना होतं, मला आहे, आणि ह्याला तर ऐन तिशीत. राग बीपीमुळे येतो की बीपी रागामुळे, देव जाणे. दोन्ही आमच्याकडे भरपूर.

मग स्वतःच खाली बसून भाजी गोळा करायला लागला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पावडर खात्यात शिरलं की छातीवर कुणीतरी बसतं गं. बाहेर आलो की उतरायचा. हल्ली बाहेर आलो तरी उतरत नाही."

मी काचेच्या अलीकडे, पॅकिंगला. तो पलीकडे, फावडं घेऊन. ती पांढरी पावडर रंगात जाते, तोंडाला लावायच्या क्रीममध्ये जाते. पोत्यावर 'नॅनो' छापलेलं असतं. हवेत उडाली तरी कण दिसत नाही, नुसता उजेड दुधाळ होतो. छताला हवा ओढणारा भलामोठा पंखा आहे. बंदच असतो.

६ फेब्रुवारी

धाकटा भोंग्याकडे गेला. भोंगा म्हणजे आमचा फोरमन — ओरडतो तसा, म्हणून भोंगा. खरं नाव हजेरीपुरतं.

"मला दुसरीकडे टाका, नाहीतर पंखा लावा."

"पंखा लावू? पाळणा नको का?"

अख्खं खातं हसलं. धाकटा हसला नाही. घरी जाताना रस्त्यातल्या लोखंडी खांबाला लाथ मारली त्याने. लंगडत गेला.

९ फेब्रुवारी

वही उघडायला नको वाटतंय. तरी लिहिते.

काचेतून सगळं दिसलं मला. धाकट्याने फावडं टाकलं आणि दाराकडे निघाला. भोंगा आडवा आला. दोघांची तोंडं हलत होती, आवाज मशीनखाली बुडालेला. धाकट्याने कॉलर धरली. भोंग्याने हिसडा दिला. मग धाकट्याने डोक्यानेच धडक मारली — भोंग्याच्या नाकातून रक्ताची धार, खाली त्या पांढऱ्याफेक पावडरवर. भोंग्याने दोन्ही मुठी एकत्र करून छातीवर ठोसा हाणला. धाकटा पोत्यांवर आदळला.

पण उठला! मी पाहिलं. उठला, कपडे झटकले, एक पाऊल पुढे टाकलं. आणि वीज जावी तसा गेला. हात पुढे न करताच तोंडावर पडला.

मी काच ठोकत होते. मग दार. मग आत. पापण्यांवर पावडर बसलेली, ओठ निळे. मी छाती दाबली, ठोसे मारले, शिव्या दिल्या. माझ्या शेजारी भोंगाही गुडघ्यांवर. त्याच्या नाकातलं रक्त धाकट्याच्या शर्टावर गळत होतं. गालावर चापट्या मारत होता त्याच्या — "ऊठ की रे! देतो बदली! ऊठ, देतो म्हटलं ना!"

मी भोंग्याच्या मनगटाला चावले. दात हाडाला लागेपर्यंत.

१० फेब्रुवारी

भावजयीने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. तिला धरायला मी आणि हे, दोघंही कमी पडलो.

१२ फेब्रुवारी

पोलिसांनी भोंग्याला सोडलं! सोडून दिलं!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी प्रेत तपासलं होतं. मला समोर बसवून सांगत होत्या. छातीवर साधा काळानिळा डाग, बरगडी शाबूत. ठोशाने गेला नाही म्हणे. हृदय जाड झालेलं, बीपीने. आणि फुप्फुसं पांढऱ्या कणांनी भरलेली.

"हे कण इतके बारीक असतात की फुप्फुसात थांबत नाहीत, रक्तात उतरतात. रक्तवाहिन्या आखडतात, आत सूज येते. धडधाकट माणसाचं हृदय काही काळ ते रेटून नेतं. बीपी असलेल्याचं आधीच ओझं वाहत असतं. त्याचे ठोके चुकायला लागतात. भांडण ही फक्त शेवटची ठिणगी."

"म्हणजे पावडरने मेला?"

"शंभर टक्के असं मी लिहून देऊ शकत नाही. मला तसं वाटतं, एवढं नक्की."

वाटतं! माझ्या डोळ्यांदेखत मुठी उगारल्या त्याने, आणि ह्यांना वाटतं! मी विचारलं, किती मिळाले भोंग्याकडून? मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर फेकला. माझ्यासोबत आलेल्या ह्यांनी मला ओढतच बाहेर नेलं.

माझं डोकं ठणकतंय. कानात रक्त वाजतंय. गोळी घेतली नाही. घेणारही नाही.

१५ फेब्रुवारी

केलं.

भोंगा न्हाव्याच्या दुकानात होता. रस्त्यावरूनच दिसला — खुर्चीत मागे रेललेला, गळ्याला पांढरं फडकं, गालांवर फेस. डोळे मिटलेले. माझा भाऊ मातीत आणि हा दाढी करवून घेतोय!

शेजारी नळाचं काम चाललं होतं. पाईपचा तुकडा उचलला. वजन हाताला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पहिला खांद्यावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा चुकला, आरसा फुटला. तिसरा कानावर. न्हावी ओरडत होता, "अहो बाई, माझा वस्तरा! वस्तरा लागेल कुणाला!" भोंगा खुर्चीतून घसरला. त्याने हात वर केला नाही. हेच मला कळलं नाही — एवढा दांडगा माणूस, माझा हात सहज पिरगाळला असता. नुसता वर बघत राहिला. फेसात रक्त मिसळून गुलाबी झालं होतं.

धापा टाकत होता. मी जास्त मारलं म्हणून असेल.

१६ फेब्रुवारी

कोठडीतून जामिनावर सुटले. जामीन कुणी दिला? कारखान्याच्या मॅनेजरने!

स्वतः आला होता ठाण्यात. इतक्या वर्षांत कधी नजर वर करून पाहिलं नाही माझ्याकडे, आज "ताई" म्हणाला. खुर्ची दिली. "तुमचं दुःख आम्ही समजतो. भाऊ डोळ्यांसमोर गेला. तुम्ही फक्त एक करा — फौजदारांना ठामपणे सांगा, त्या ठोशानेच गेला. डॉक्टरीणबाई नवीन आहेत, काहीही बोलतात. पावडरबिवडर काढू नका मध्ये."

मी मान हलवली. बाहेर आले. हे म्हणाले, "काय झालं? चेहरा असा का?"

मी म्हटलं, "मी जे ओरडून सांगतेय तेच मॅनेजर मला पढवतोय."

हे चालता चालता थांबलेच.

१८ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले, भोंग्याला ठेवलंय तिथे. हे नको म्हणत होते. दारातला शिपाई हाकलत होता, डॉक्टरीणबाईंनीच आत घेतलं. ग्लासाचा विषय काढला नाही त्यांनी. मला हळू आवाजात म्हणाल्या, "हाड मोडल्याने माणूस मरत नाही. कानाची जखमही वरवरची आहे. पण फोरमनचा ईसीजी पाहिला आणि मला तुमचा भाऊ आठवला. बीपी कधीचंच, औषध नाही. तीच पावडर, उलट जास्त वर्षं."

भोंगा उशांना टेकून बसलेला. झोपला की गुदमरतो म्हणे. पाय सुजलेले, हाताला सुया. शेजारी त्याची बायको, चमच्याने पाणी पाजत. मला बघून तिचा हात थांबला. चमच्यातलं पाणी चादरीवर सांडलं.

"येऊ दे तिला," तो म्हणाला. आवाज! भोंगा म्हणायचो आम्ही त्याला. कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"पंखा मी बंद केला."

"माहीत आहे."

"नाही माहीत. वरून फोन यायचा. पंखा पावडर ओढतो, माल वाया जातो. बंद ठेव. मी म्हटलं, माणसं खोकतात. तर म्हणाला, माणसं मिळतात." मध्येच श्वास संपला त्याचा. बायको पाठ चोळत होती. "मी पण आतच असायचो की. जेवायचोही तिथंच. मला वाटलं, मला होत नाही तर त्याला कसं होईल. नाटकं करतो पोरगा."

"तू मारलंस त्याला."

"मारलं. त्यानेही मारलं. आणि तू मला." हसायला गेला, खोकला आला, ओठांवर गुलाबी फेस. "फिटलं का तुझं?"

हात अजून शिवशिवत होते. पण आता कुणावर, ते कळत नव्हतं.

२० फेब्रुवारी

भोंगा गेला. सकाळी.

कारखान्यात पोचले तर फाटकावर मॅनेजर बोलत होता, सगळ्यांना उद्देशून — दोन कामगार आपसातल्या वैराने गेले, फार वाईट झालं, कंपनीचा ह्यात काही संबंध नाही, सगळ्यांनी आपापल्या जागी जावं. दोन! आधी भोंग्याला खुनी ठरवला, आता मला. आणि पावडर स्वच्छ!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत शिरले. पावडर खातं चालू होतं — धाकट्याच्या जागी नवा माणूस, तेच फावडं, उजेड तसाच दुधाळ. मी लाकडी फळी उचलली आणि काचेवर घातली. एक घाव, दोन घाव. तडा. मग पूर्ण काच कोसळली, ढिगाने. हात फाटला, रक्त कोपरापर्यंत. मागे वळून बघते तर पॅकिंगच्या सगळ्या बायका फळ्या घेऊन उभ्या! लेबल चिकटवणारी मावशी, जी झुरळाला भिते, तिने पहिली खिडकी फोडली. मग दुसरी. मग कुणी मोजलं नाही. नवा माणूस फावडं टाकून पळाला. रखवालदार आडवा आला, त्याला बायकांनी भिंतीशी दाबून धरला. मॅनेजर ओरडत आला, "माल उडतोय! माल!" — मावशीने ओंजळभर माल त्याच्या तोंडावर फेकला. "घ्या! ओढा की जरा आत!"

नाक दाबून असा पळाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, त्याला ठाऊक होतं नाक दाबायचं.

फौजदार आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते. छाती धडधडत होती, माझीही. म्हणाले, "बाई, आता प्रकरण खुनाचं आहे." मी दोन्ही हात पुढे केले.

२३ फेब्रुवारी

घरी आहे, सोडलं मला. हाताला टाके, डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय.

काल ठाण्यात भोंग्याच्या बायकोला बोलावलं. फौजदार म्हणाले, हीच का ती? तिने माझ्याजवळ येऊन नीट बघितलं आणि काडकन कानशिलात लगावली. मी भेलकांडले. कुणी मध्ये पडलं नाही. मग ती खुर्ची ओढून बसली, पदराने हात पुसला.

"हे माझं झालं. आता लिहा, साहेब. हिने हाड मोडलं. जीव दुसऱ्याने घेतला, माझ्या माणसाचा आणि हिच्या भावाचा. पंखा बंद ठेव म्हणून फोन घरीही यायचे, मीच उचलायची. नाव सांगते. लिहा."